कराची ते जुहू : सव्वासात तास

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावर नुकतेच उजाडले होते. धावपट्टीवर एक इंजिन असलेले, कापडी पंखांचे, चिमुकले पुस मॉथ विमान उभे होते. त्यात ना रेडिओ होता, ना दिशा दाखवणारी कोणतीही आधुनिक यंत्रणा. वैमानिकाच्या जोडीला प्रवासी नव्हता. होती ती जेमतेम पंचवीस किलो वजनाची टपालाची थैली. सकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटांनी ते विमान आकाशात झेपावले आणि अहमदाबादला थांबा घेऊन दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी मुंबईत जुहूच्या मैदानावर उतरले. विमान चालवणारा तरुण अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याचे नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. पुढे अवघा देश त्यांना जेआरडी या तीन अक्षरांनी ओळखू लागला. भारतीय हवाई वाहतुकीचा इतिहास सुरू होतो तो या सव्वासात तासांपासून.

उद्योगपती म्हणून जेआरडींचे कर्तृत्व सर्वश्रुत आहे. पोलाद, रसायने, मोटारी, वीज अशा अनेक क्षेत्रांतल्या उद्योगांचे नेतृत्व त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ केले. पण त्यांचे मन गुंतले होते ते आकाशात. एका शहरातून दुसऱ्या शहरात पोहोचायला किती वेळ लागतो आणि तो कमी कसा करता येईल, या एका साध्या प्रश्नाभोवती त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग फिरत राहिला.

हा प्रश्न त्यांच्या वाट्याला जणू जन्मतःच आला होता. २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटांचे नातलग आणि व्यवसायातले सहकारी. आई सुझान ही फ्रेंच. विवाहानंतर ती सूनी टाटा झाली. वडिलांचा व्यवसाय मुंबईत, आईचे माहेर पॅरिसमध्ये. त्यामुळे मुलांचे बालपण दोन खंडांत विभागले गेले. शिक्षण कधी पॅरिसला, कधी मुंबईला, तर काही काळ जपानमधल्या योकोहामाला झाले. मुंबई आणि युरोप यांमधले अंतर त्या काळी बोटीने आठवड्यांच्या हिशेबात मोजले जाई. वडील एका किनाऱ्यावर आणि आई दुसऱ्या, अशा घरातल्या मुलाला अंतर म्हणजे काय हे नकाशावरून शिकावे लागले नाही. १९२३ मध्ये आईचे क्षयाने निधन झाले. तीनच वर्षांनी वडीलही गेले. बाविशीतला जहांगीर घरातला कर्ता झाला.

आकाशाची ओढ मात्र त्याआधीच लागली होती. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो या गावी टाटा कुटुंबाचे उन्हाळी घर होते. जवळच लुई ब्लेरिओ यांचे वास्तव्य असे. १९०९ मध्ये कॅले ते डोव्हर अशी इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारा पहिला माणूस म्हणजे हे ब्लेरिओ. त्यांच्या विमानांना वाळूवर उतरताना पाहतच हा मुलगा मोठा झाला. पंधराव्या वर्षी त्याने तेथेच विमानातून पहिली फेरी मारली. त्या काही मिनिटांनी मनात जे घर केले ते अखेरपर्यंत टिकले.

केंब्रिजला जाऊन अभियांत्रिकी शिकण्याचे त्यांचे स्वप्न होते. वडिलांनी त्यांना टाटांच्या मुंबईतल्या कचेरीत बोलावून घेतल्याने ते अपुरे राहिले. पदवी नसल्याची खंत त्यांना आयुष्यभर होती. उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी वाचनाचा आणि तपशिलात शिरण्याचा ध्यास घेतला. मुंबई फ्लाइंग क्लबची स्थापना झाल्यावर जुहूला उड्डाण शिकणाऱ्यांच्या पहिल्या तुकडीत ते होते. पावणेचार तासांच्या शिक्षणानंतरच त्यांनी एकट्याने विमान उडवले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला हा पहिला परवाना; त्यावर क्रमांक होता एक. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्वाचा त्याग केला. आपले आयुष्य कोणत्या देशात घालवायचे, याचा निर्णय झाला होता.

दोन शहरांमधल्या अंतराशी त्यांची पहिली जाहीर झुंज १९३० मध्ये झाली. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हा प्रवास एकट्याने विमान चालवून पूर्ण करणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान यांनी पाचशे पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. जेआरडी आपले जिप्सी मॉथ घेऊन कराचीहून निघाले. ॲस्पी इंजिनियर हा किशोरवयीन स्पर्धक इंग्लंडहून उलट दिशेने येत होता. इजिप्तमधल्या अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. इंजिनियर यांचे विमान स्पार्क प्लगअभावी अडकून पडले होते. जेआरडींकडे जादा प्लग होते. स्पर्धकाला तसाच मागे ठेवून पुढे निघण्यात नियमांचा कोणताही भंग नव्हता. पण त्यांनी प्लग काढून दिला. दोघेही मार्गस्थ झाले. ॲस्पी इंजिनियर आधी पोहोचले आणि बक्षीस त्यांना मिळाले. पुढे हेच ॲस्पी इंजिनियर भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. त्या पराभवाची खंत जेआरडींनी कधी बाळगली नाही.

याच सुमारास नेव्हिल व्हिन्सेंट हा ब्रिटिश वैमानिक एक योजना घेऊन टाटांकडे आला होता. लंडनहून येणारे हवाई टपाल इंपीरियल एअरवेजच्या विमानाने १९२९ पासून कराचीपर्यंत येऊ लागले होते. तेथून मुंबई आणि मद्रासकडे जाणारी पत्रे मात्र आगगाडीनेच पुढे सरकत. कच्छचे रण आणि खाड्या आडव्या असल्याने कराची-मुंबई असा सरळ लोहमार्ग नव्हताच. सिंध हैदराबादहून राजपुतान्याच्या वाळवंटातून वळसा घेत गाडी यायची. हजारो मैल हवेतून आलेले पत्र शेवटच्या टप्प्यावर रखडायचे. हा शेवटचा टप्पा विमानाने जोडावा, अशी व्हिन्सेंट यांची कल्पना होती. जेआरडींनी ती उचलून धरली. टाटा समूहाचे ज्येष्ठ सल्लागार जॉन पीटरसन यांनी दोराबजी टाटांचे मन वळवले आणि दोन लाख रुपयांची गुंतवणूक मंजूर झाली.

सरकार मात्र हलेना. जागतिक मंदीचे दिवस होते. तिजोरीतून एक पैसाही सुटणार नव्हता. टाटांनी अनुदानाची मागणी हळूहळू कमी करत अखेर सोडूनच दिली. वाहून नेलेल्या टपालापुरता मोबदला द्यावा, एवढेच मागणे उरले. १९२९ मध्ये सुरू झालेल्या या पत्रव्यवहाराचा शेवट १९३२ च्या एप्रिलमध्ये करार होऊन झाला. सात तासांच्या उड्डाणाची परवानगी मिळवायला तीन वर्षे लागली होती.

कराची आणि मुंबई यांमधले सरळ रेषेतले अंतर सुमारे पावणेनऊशे किलोमीटर. पण ही सरळ रेषा समुद्रावरून आणि सौराष्ट्राच्या भूमीवरून जाते. छोट्या विमानाच्या टाकीत एवढे इंधन मावत असले तरी मध्ये उतरण्याची सोय हवी होती आणि अहमदाबादचे टपालही द्यायचे-घ्यायचे होते. म्हणून मार्ग ठरला तो अहमदाबादवरून. कराची-अहमदाबाद सुमारे सहाशे किलोमीटर आणि अहमदाबाद-मुंबई सुमारे साडेचारशे, असा हजार किलोमीटरच्या पुढचा पल्ला झाला. पुस मॉथचा वेग ताशी शंभर मैलांच्या, म्हणजे एकशे साठ किलोमीटरच्या आसपास. अहमदाबादला इंधन आले ते बर्मा शेल कंपनीच्या डब्यांतून आणि तेही बैलगाडीवर लादून. विमानाची टाकी बैलगाडीतल्या डब्यांनी भरली जात होती, या एका दृश्यात त्या काळाचा हिंदुस्थान सामावलेला आहे.

जुहूला व्हिन्सेंट दुसरे विमान घेऊन सज्ज होते. टपाल हाती घेऊन ते बेल्लारीमार्गे मद्रासकडे रवाना झाले. दोन विमाने, मोजके वैमानिक आणि काही तंत्रज्ञ, एवढाच या सेवेचा संसार होता. जुहूचे विमानतळ म्हणजे समुद्राकाठची चिखलाची जमीन. पावसाळा सुरू झाला की भरतीचे आणि आभाळाचे पाणी एक होई आणि मैदानाचे तळे बने. मग सारे बिऱ्हाड पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलवावे लागे. तरीही टपाल ठरल्या वेळी पोहोचत राहिले. या सेवेच्या नियमितपणाची दखल सरकारी अहवालालाही घ्यावी लागली. व्यवसायातला नफा फारसा मोठा नव्हता; मोठी होती ती वेळ पाळण्याची शिस्त. जेआरडींच्या दृष्टीने प्रवासाचा वेळ हा प्रवाशाला दिलेला शब्द होता आणि दिलेला शब्द मोडायचा नसतो, हा संस्कार त्यांनी आपल्या संस्थेत रुजवला.

१९३८ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. एवढ्या प्रचंड उद्योगसमूहाचा भार खांद्यावर असूनही विमानांकडचे लक्ष ढळले नाही. मुंबई-दिल्लीसारखे नवे मार्ग जोडले जात होते. दुसऱ्या महायुद्धाने ही वाढ रोखली आणि एक मोठा घावही घातला. ज्यांच्या कल्पनेतून हे सारे उभे राहिले ते नेव्हिल व्हिन्सेंट १९४२ मध्ये युद्धकाळातल्या एका विमानप्रवासात बेपत्ता झाले. ते पुन्हा परतले नाहीत. जेआरडींनी आपला जिवलग सहकारी गमावला.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सचे सार्वजनिक कंपनीत रूपांतर झाले आणि तिला एअर इंडिया हे नाव मिळाले. देश स्वतंत्र झाल्यावर काही आठवड्यांतच जेआरडींनी सरकारपुढे आंतरराष्ट्रीय विमानसेवेची योजना मांडली. सरकारचा वाटा एकोणपन्नास टक्के राहील, अशी ही भागीदारी होती. १९३२ च्या करारासाठी तीन वर्षे वाट पाहावी लागली होती. या वेळी होकार काही आठवड्यांत आला. ८ जून १९४८ रोजी रात्री मलबार प्रिन्सेस हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान पस्तीस प्रवाशांसह मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत लंडनला पोहोचले. जेआरडी स्वतः त्या विमानात होते. ज्या अंतराने त्यांच्या बालपणी कुटुंबाची आठवड्यांची ताटातूट होई, ते अंतर आता दीड-दोन दिवसांवर आले होते. विमानाच्या शेपटीवर स्वतंत्र भारताचे नाव होते.

१९५३ मध्ये हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. जेआरडींचा या निर्णयाला विरोध होता आणि ज्या पद्धतीने तो घेतला गेला त्याचे त्यांना अधिक दुःख झाले. आपण वाढवलेली संस्था सरकारच्या हाती जात असताना रागावून बाजूला होणे सोपे होते. परंतु पंतप्रधान नेहरूंच्या सरकारने अध्यक्षपद देऊ केले तेव्हा त्यांनी ते स्वीकारले. त्यासाठी वेतन घेतले नाही. पुढची पंचवीस वर्षे, मालकी नसलेल्या संस्थेची त्यांनी मालकाहून अधिक काळजी वाहिली.

ही काळजी कशी असे, याच्या कथा एअर इंडियात वर्षानुवर्षे सांगितल्या गेल्या. प्रत्येक प्रवासानंतर अध्यक्षांचे टिपण येई. खुर्चीची पाठ नीट मागे जात नाही, चहाचा रंग ठीक नाही, पडद्याचा कोपरा निघाला आहे, प्रसाधनगृह अस्वच्छ आहे, असे सारे त्यात नमूद असे. विमान वेळेवर सुटले की नाही, हा प्रश्न तर कधीच चुकत नसे. विमान किती वेगाने जाते हे इंजिनावर अवलंबून असते, पण प्रवासाचा वेळ सुखाचा जातो की त्रासाचा, हे माणसांवर अवलंबून असते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. १९६० मध्ये बोइंग ७०७ आले. १९६२ मध्ये एअर इंडियाचा सारा ताफा जेट विमानांचा झाला. असा मान मिळवणारी ती जगातली पहिली विमान कंपनी ठरली. त्याच वर्षी, पहिल्या उड्डाणाला तीस वर्षे झाली म्हणून, जेट युगाच्या ऐन भरात अध्यक्ष महाराज एका छोट्या लेपर्ड मॉथमध्ये बसले आणि कराची-मुंबई अंतर पुन्हा एकदा स्वतः विमान चालवत कापून आले.

१९७८ हे वर्ष मात्र त्यांच्यासाठी कडवट ठरले. १ जानेवारीच्या रात्री एअर इंडियाचे सम्राट अशोक हे जम्बो जेट मुंबईहून दुबईकडे निघाले आणि उड्डाणानंतर काही मिनिटांतच वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळले. २१३ जण मृत्युमुखी पडले. या आघातातून संस्था सावरत होती, तोच फेब्रुवारीत मोरारजी देसाई यांच्या सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. सरकारने थेट कळवण्यापूर्वीच ही बातमी त्यांच्यापर्यंत दुसऱ्या वाटेने पोहोचली. पंचवीस वर्षे विनावेतन सेवा केलेल्या, त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला निरोपाचे सौजन्यही लाभले नाही. देशभरातून हळहळ व्यक्त झाली, काही अधिकाऱ्यांनी निषेध नोंदवला. जेआरडींना दुःख झाले ते पद गेल्याचे नव्हे. आपल्या अपत्यापासून तुटल्याचे. १९८० मध्ये इंदिरा गांधी सत्तेवर परतल्यावर त्यांना एअर इंडियाच्या संचालक मंडळावर पुन्हा घेण्यात आले. पण अध्यक्षपद परत मिळाले नाही.

याला त्यांनी दिलेले उत्तर शब्दांतले नव्हते. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवी दिवशी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जेआरडी पुन्हा कराचीच्या धावपट्टीवर उभे होते. समोर पुन्हा लेपर्ड मॉथच. वैमानिकही तेच, एकटेच. अहमदाबादमार्गे ते जुहूला उतरले तेव्हा स्वागतासाठी गर्दी लोटली होती. देशात उमेदीची जागा निराशेने घेतली आहे, असे त्या सुमारास त्यांना वाटत होते. नव्या पिढीत पुन्हा काहीतरी करून दाखवण्याची आस जागवावी, हा त्या उड्डाणामागचा हेतू होता. ज्यांनी त्या दिवशी जुहूच्या आकाशातून ते लहानसे विमान उतरताना पाहिले, त्यांना भाषणाची गरज उरली नसावी.

१९९१ मध्ये त्यांनी टाटा सन्सचे अध्यक्षपद सोडले. १९९२ मध्ये भारतरत्न हा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. संसदेचे कामकाज त्यांच्या स्मरणार्थ तहकूब करण्यात आले. ज्या पॅरिसमध्ये जन्म झाला, तेथल्याच पेर लाशेझ दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. त्यांच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनी, २७ जानेवारी २०२२ रोजी, एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली. ते पाहायला मात्र जेआरडी नव्हते.

कराची आणि मुंबई यांच्यामधले अंतर आजही तेवढेच आहे, सुमारे पावणेनऊशे किलोमीटर. आजचे जेट विमान ते दीड तासाच्या आसपास कापू शकेल. पण १९३२ मध्ये जेआरडी निघाले तेव्हा सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. चार वर्षांनी, १९३६ मध्ये, तो वेगळा प्रांत झाला. म्हणजे ते पहिले उड्डाण एकाच इलाख्यातल्या दोन बंदरांना जोडणारे होते. १९४७ मध्ये या दोन शहरांमध्ये आंतरराष्ट्रीय सीमा आली. नंतर दोन देशांमधले संबंध जसजसे बिघडत गेले, तसतसे विमानांचे मार्गही बंद होत गेले. आता या दोन शहरांमध्ये थेट विमानसेवा उरलेली नाही. मुंबईहून कराचीला जायचे तर प्रवाशाला आखातातल्या एखाद्या शहरात उतरून, दुसरे विमान पकडून, आल्या दिशेनेच निम्मी वाट परतावे लागते. दोन्ही उड्डाणांचा आणि मधल्या खोळंब्याचा वेळ मिळवला तर हा प्रवास जेआरडींच्या सव्वासात तासांहूनही लांबतो.

बैलगाडीतून आलेल्या इंधनावर, रेडिओविना, कापडी पंखांच्या विमानाने जे अंतर एका सकाळी पार झाले होते, ते नव्वद वर्षांच्या प्रगतीनंतर अधिक लांब झाले आहे. वारा, वाळवंट आणि समुद्र यांच्यावर मात कशी करायची, हे जेआरडींच्या पिढीने शिकवले. शहरे दूर जातात ती आणखी कशामुळे, याचे उत्तर त्यांच्या उड्डाण नोंदवहीत सापडणार नाही. ते शोधण्याचे काम मागे राहिलेल्यांचे आहे.